कानशीचे दोन हात

४ फेब्रुवारी

छोटे,

चौदा महिने आपण एकमेकांशी बोललो नाही. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या वहिनीने विचारलं. मी म्हटलं, फोनवर मी बोलायला लागलो की छोटी फोन टेबलावर ठेवते आणि आपल्या कामाला लागते. वहिनी म्हणाली, "मग पत्रही टेबलावर ठेवेल." ठेव. निदान टेबलावर तरी राहील.

चौकशीची शेवटची बैठक सहा मार्चला ठरली आहे. आमच्या जोडणी विभागाच्या फलकावरही नोटीस लागली: 'सात नंबरच्या खाटेचा कठडा निसटून रुग्ण जखमी झाल्याप्रकरणी प्रॉडक्ट मॅनेजर यांची जबाबदारी निश्चित करण्यासाठी.' नाव नाही, नुसतं पद. ते वाचून जो तो माझ्याकडे बघतो, कारण पदाचा भाऊ मी.

पहिल्या बैठकीला कामगार प्रतिनिधी म्हणून मी शेवटच्या रांगेत होतो. अधिकाऱ्याने तुला विचारलं, कठड्याचा खटका पूर्ण बसत नव्हता, हे खाट इथून बाहेर पडण्याआधी कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तू उभी राहिलीस. म्हणालीस, "जोडणी विभागाला मी प्रश्न विचारला होता. पण त्यांना उत्तर देता येईल अशा पद्धतीने विचारला नाही. जबाबदारी माझी." आणि खाली बसलीस.

बस्स! मी असतो तर पाऊण तास बोललो असतो आणि वर टाळ्या घेतल्या असत्या.

मला राग आला. अजून आहे. इतक्या सहज मान पुढे करायची? तुला दूरच्या शाखेत पाठवलं, परत मागवलेल्या खाटा मोजायला बसवलं, आणि तू गेलीसही. मी काही बोललो नाही. त्या बैठकीत माझं काम ऐकण्याचं होतं.

तुझं पद मला कधीच कळलं नाही. तू ते घेतलंस तेव्हा मी फाटकावरच्या सभेत म्हटलं होतं, "हाताखाली माणूस नाही, हातात पाना नाही, आणि म्हणे खाट यांची!" लोक पोट धरून हसले होते. त्यात खोटं काय होतं? डिझाइनवाला तुझं ऐकायला बांधील नाही, रंगखातं नाही, आम्ही तर नाहीच नाही. तुला कुणालाच हुकूम सोडता येत नाही, आणि बिघडलं की मान मात्र तुझी. असली नोकरी माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन का घेतो?

तरी सात नंबर, इस्पितळाच्या खाटेचा तो नवा नमुना, वेळेवर निघाली. कशी निघाली ते मी बघत होतो, बघत नसल्यासारखं दाखवून. वरच्या काचेच्या खोलीत तू कुणालाही बोलावलं नाहीस. तूच जिना उतरून खाली यायचीस. दुपारी जेवायला रोज वेगळ्या खात्याच्या टेबलावर बसायचीस. कोणी "होणार नाही" म्हणालं की इतर साहेबांसारखी त्याला समजवायला जायची नाहीस. वही काढायचीस आणि विचारायचीस, "काय असतं तर झालं असतं?" तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचीस, त्याला वाचून दाखवायचीस, वर "असंच म्हणालात ना?" म्हणून खात्री करून घ्यायचीस. पाय न अडकणारा आडवा दांडा वेल्डिंगवाल्या बाईंनी सुचवला, तर फलकावर त्यांचं नाव लागलं. त्या बाई घरी जाताना तो फलक पुन्हा वाचायला मागे वळल्या होत्या. मी पाहिलंय.

पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

दादा


१२ फेब्रुवारी

छोटे,

सात दिवसांनी तुझं पत्र आलं. पाकीट केवढं, आणि आत एक ओळ! "दादा, गेल्या नोव्हेंबरच्या त्या अकरा दिवसांत नेमकं काय बदललं होतं?"

कशी आहेस, वहिनी कशी आहे, काही नाही. मी कागद उलटून पाहिला. वहिनीने पाकीटही झटकून पाहिलं.

आधी मी संतापलो. नोव्हेंबरात काय बदललं ते तुलाही ठाऊक आहे. आम्हाला न विचारता पाळ्यांच्या वेळा बदलल्या, म्हणून आम्ही कागदाबरहुकूम काम सुरू केलं. संप नाही, दगडफेक नाही. आराखड्यात लिहिलंय तेवढंच करायचं, एक स्क्रूसुद्धा जास्त फिरवायचा नाही. माझीच कल्पना. फाटकावर मी म्हणालो होतो, "त्यांच्या कागदावर त्यांचा एवढा विश्वास आहे ना? मग अकरा दिवस त्यांचा कागदच काम करू दे!" माझ्या आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी ते एक. बाराव्या दिवशी जुन्या वेळा परत आल्या.

हे सगळं तावातावाने वहिनीला ऐकवत होतो. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "ती आंदोलनाचं विचारत नाहीये. हातांचं विचारतेय."

तिथे माझं भाषण संपलं.

तर ऐक. सात नंबरचा कठडा वर केला की खटक्याचा खिळा खाचेत शिरतो आणि कठडा पक्का होतो. खाच लोखंडाची, तिच्यावर रंग. रंगाने खाच केसाएवढी अरुंद होते. तेवढ्यानेच खिळा तोंडाशी अडतो. 'खट्' असा आवाज येतो, कठडा बसल्यासारखा वाटतो, बसलेला नसतो. हे पहिल्याच आठवड्यात मामांच्या हाताला कळलं. (तू त्यांना ओळखतेस. आमचे सगळ्यांत जुने फिटर. त्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, त्यांच्या भाच्यालाही ते इथले मामाच आधी वाटतात.) मामांनी पायमोज्यातून लोखंड घासायची बारीक कानस काढली, खाचेच्या दोन्ही अंगांना एकेक हात मारला, खिळा सुळकन आत. त्या दिवसापासून आम्ही सगळे तेच करतो. कानशीचे दोन हात. कुठल्या कागदावर नाही, कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

आणखी एक. खाट पूर्ण झाली की आमच्यातला एकजण तिच्यावर आडवा होतो, बाकीचे दोघे कठडा धरून गदागदा हलवतात. मामांची बायको इस्पितळात होती, तेव्हापासूनची ही पद्धत. "आपली माणसं झोपणार आहेत रे," असं तेव्हा ते म्हणाले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की कामगार आळस देतायत.

त्या अकरा दिवसांत आम्ही यांतलं काहीच केलं नाही. कानस नाही, आडवं होणं नाही. चौसष्ट खाटा तशाच गेल्या. तपासणीवाल्याने 'खट्' ऐकलं आणि शिक्का मारला.

त्यांतल्याच एका खाटेवरून पडल्या त्या बाई निवृत्त शिक्षिका ना? कमरेचं हाड मोडलं. तू दर शनिवारी त्यांच्याकडे जायचीस, हे मला आत्ता कळलं.

दादा


१९ फेब्रुवारी

छोटे,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं लिहिलं. 'कोणी विचारलं नाही.' लिहितानाच पेन अडखळलं होतं, तरी लिहिलं. वीस वर्षं लोकांपुढे बोलणाऱ्याला असली वाक्यं आपोआप सुचतात. वजनदार वाटतात म्हणून खरीही वाटतात.

तू विचारलं होतंस.

चौदा महिन्यांपूर्वी, आंदोलनाच्या जवळजवळ वर्षभर आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सात नंबरचं काम सुरू होऊन दहा दिवस झाले होते. तू आमच्या बाकापाशी आलीस. आधी दिवसभर मामांच्या शेजारी उभी राहून स्क्रू देत होतीस, बोटाला फोड आली तरी हलली नाहीस. संध्याकाळी सगळ्यांना गोल उभं करून विचारलंस, "तुम्ही असं काय करता, जे कागदावर नाही?"

मामांचा हात पायमोज्याकडे गेला. मी पाहिलं आणि मध्ये पडलो. म्हणालो, "आमचं सगळं कागदावरच आहे, मॅडम." बहिणीला मॅडम म्हणालो! पोरं हसली. मग मला चेव चढला. म्हणालो, "आज विचारतील काय करता, उद्या मोजतील किती वेळात करता, परवा म्हणतील हे कोणाला विचारून करता!" टाळ्या. तू वही मिटलीस. त्याच संध्याकाळी फाटकावर तुझ्या काचेच्या खोलीवर अर्धा तास बोललो. तू सायकल हातात धरून गर्दीच्या कडेला उभी होतीस. भाषण संपेपर्यंत उभी होतीस. माझं एकही भाषण तू अर्ध्यावर सोडलं नाहीस, शाळेत असल्यापासून. त्यानंतर मात्र बोलली नाहीस.

मला भीती कशाची होती ते सांगतो. पाच नंबरच्या खाटेच्या वेळी मामांनी एक भोक जरा मोठं केलं होतं. खाट सुधारली, आणि मामांच्या हातात 'आराखड्याबाहेरचे काम' म्हणून ताकीदपत्र आलं. ते पत्र त्यांनी अजून डब्याच्या पिशवीत ठेवलंय. तेव्हापासून कानस बाकावर नसते, पायमोज्यात असते. मामांना निवृत्तीला आठ महिने राहिलेत. त्यांना मी जपलं, असं मी स्वतःला सांगत आलो.

काल मामांनाच विचारलं. त्यांनी डबा उघडला, माझ्यापुढे सरकवला, मग म्हणाले, "तू मला जपलंस ते बरोबर. पण त्या पोरीला मी सांगणार होतो, भाऊ."

"तुम्हाला परत पत्र मिळालं असतं, मामा."

"मिळालं असतं. पिशवीत जागा आहे की!"

नंतर म्हणाले, "साहेब लोकांनी मला पुष्कळदा विचारलं, हे असं का केलंत? काय करता, हे पहिल्यांदा तिनेच विचारलं."

छोटे, मी वीस वर्षं घसा फोडून सांगतोय की कामगाराच्या हाताला अक्कल असते. पुस्तकंच्या पुस्तकं वाचली त्यासाठी, अर्धी तुलाच मोठ्याने वाचून दाखवली. आणि ज्या दिवशी या कारखान्यातलं कोणीतरी ती अक्कल वहीत लिहून घ्यायला आलं, त्या दिवशी दार लावणारा मी होतो. माझंच म्हणणं तू खरं मानलं होतंस. मी फक्त बोलत होतो.

बैठकीत मी गप्प बसलो, ते ऐकण्यासाठी नव्हे. घाबरलो होतो. हे वहिनीलाही सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे.

दादा


२७ फेब्रुवारी

छोटे,

सहा तारखेला मी बोलणार आहे. मात्र काय बोलायचं हे कळायला तुझी पद्धत वापरून पाहायची ठरवलं: आधी दुसऱ्याच्या बाकापाशी उभं राहायचं. करून बघितल्यावर कळलं की तू दोन वर्षं किती अवघड काम करत होतीस. घाम फुटला मला.

रंगखात्याशी आमचं नऊ वर्षं बोलणं नाही, तुला माहीतच आहे. कोणत्या भांडणावरून, ते दोन्ही बाजूंना आठवत नाही. रंगखात्याच्या प्रमुख बाईंपुढे जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "काय हो, आज माईक विसरलात?"

मी म्हटलं, "आज ऐकायला आलोय."

"अरे बापरे! मग बसा. बरं नाहीये का तुम्हाला?"

अर्धा दिवस त्यांच्या भट्टीपाशी बसलो. त्या उष्णतेत त्यांच्या बायका आठ तास उभ्या असतात, आणि मी म्हणायचो की रंगखात्याला काय, नुसती फवारणी! निघताना विचारलं, "सात नंबरला रंग जास्त जाड आहे का?" बाई म्हणाल्या, "आहेच. दोन थर आहेत. इस्पितळात औषधी पाण्याने रोज खाटा धुतात, एका थराचे पोपडे निघायचे. तुमच्या बहिणीनेच इस्पितळात चार दिवस राहून ते शोधलं. दुसरा थर तिने मागितला, आम्ही दिला. कागदही पुढे डिझाइनला पाठवला. पाठवला की नाही ते बघा, ही सही."

म्हणजे तो केसाएवढा रंग तुझ्याच मागणीचा होता! खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. माणूस किती हलका असतो बघ.

मग जिना चढलो. डिझाइनच्या टेबलावर चष्मेवाला होता. मला बघून उभाच राहिला. त्याला वाटलं मी मोर्चा घेऊन आलोय, माझ्या मागे कोण आहे ते वाकून पाहत होता. मी त्याला विचारलं, "दुसऱ्या थराचा कागद आल्यावर तुम्ही खाच रुंद का केली नाही?" हे विचारलं आणि तो सावध झाला. तुझी वही आठवली. मी प्रश्न बदलला. "तो कागद आला त्या दिवशी तुम्ही काय काय पाहिलंत?"

मग तो बोलला. त्याने जोडणीच्या तक्रारींची नोंद पाहिली होती. दुसरा थर सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि जोडणी विभागाची एकही तक्रार नव्हती. "मला वाटलं खिळा बसतोय, म्हणून जुन्याच मापावर सही केली," तो म्हणाला. "तुमचे लोक साध्या वॉशरवरूनही गोंधळ घालतात. खटका बसत नसता तर तुम्ही गप्प बसला असता का?"

आमच्या गप्प बसण्यावर त्याने सही केली होती, छोटे.

मी जिन्यातच बसलो. रंगखात्याने आपलं काम चोख केलं. डिझाइनने नोंद बघून सही केली. आम्ही दोन हात मारून खाट सुरक्षित केली. सगळेच बरोबर, आणि तरी एक म्हातारी बाई जमिनीवर पडली. ती तीन खात्यांच्या मधल्या जागेत पडली. त्या मधल्या जागेत उभं राहायला कारखान्याने एकच माणूस ठेवलं होतं, आणि त्या माणसाला मी लोकांपुढे हसवून हाकललं.

आता कळलं तुझं पद. उशीर झाला, पण कळलं.

दादा


६ मार्च, संध्याकाळ

छोटे,

तू आज आली नाहीस. लेखी म्हणणं पाठवलंस, त्यात पुन्हा तेच: जबाबदारी माझी. अधिकाऱ्याने ते वाचलं आणि विचारलं, "आणखी कोणाला काही सांगायचंय?"

त्याआधीचं सांगतो. परवा मी आमच्या विभागाची सभा घेतली. कानशीची गोष्ट उघड करणार म्हटल्यावर एकच गलका. "ताकीदपत्रं आम्हाला मिळणार, भाऊ, तुम्हाला नाही!" "आज बहीण आठवली होय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. म्हटलं, "काय झालं तर तुम्ही बोलाल?" मागून एकजण म्हणाला, "नाव कुणा एकाचं यायला नको." दुसरा म्हणाला, "मामांना त्रास नको." मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. "असंच म्हणालात ना?" मग ठरलं की कानस कोणी एकट्याने मारली नाही, विभागाने मारली, असंच सांगायचं. बावीसपैकी एकोणीस जणांनी सही केली. तिघांनी केली नाही. त्यांच्यावर मी आवाज चढवला नाही, हे वहिनीला सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बैठकीसाठी चौदा पानं लिहिली होती. पहिल्या चार पानांत इतिहास होता, पुढच्या सहांत व्यवस्था. वहिनीने वाचली. म्हणाली, "छान आहे. यातलं तू केलेलं काय, तेवढं ठेव." पाच ओळी उरल्या.

तेवढ्याच वाचल्या. "सात नंबरच्या खाटेची खाच आमचा विभाग कानशीने मोकळी करायचा. प्रॉडक्ट मॅनेजरने आम्हाला विचारलं होतं की कागदावर नसलेलं तुम्ही काय करता. उत्तर माझ्या माणसांच्या तोंडाशी आलं होतं, ते मी थांबवलं. नोव्हेंबरात ते काम मीच बंद करायला लावलं, आणि बंद केल्याने काय होईल याचा विचार केला नाही. तिने प्रश्न बरोबर विचारला होता. तिचं म्हणणं त्या एका ठिकाणी चूक आहे."

टाळी वाजली नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, "ही कानस कोणाच्या परवानगीने मारत होतात?"

मी काही बोलणार तोच मामा उठले. दोघांनी त्यांना खाली बसवायला बाह्या धरल्या, त्यांनी सोडवून घेतल्या. नमुन्याची खाट समोर होतीच. खाली वाकून पायमोज्यातून कानस काढली, भर बैठकीत! दोन हात मारले. कठडा वर केला. यावेळचा आवाज वेगळाच होता, खोल. मामा म्हणाले, "साहेब, परवानगी मागितली असती तर एक पत्र आलं असतं. हे आधीचं पत्र." आणि पिशवीतून घडी काढून टेबलावर ठेवली.

मग रंगखात्याच्या बाई उठल्या, दोन थरांचा कागद घेऊन. चष्मेवाला उठला, सहीचा कागद घेऊन. कोणी कोणाकडे बोट दाखवलं नाही. प्रत्येकाने आपण काय पाहिलं आणि काय केलं तेवढंच सांगितलं. अधिकारी लिहीत राहिला. मी त्या तिघांकडे बघत होतो आणि मला दिसत होतीस तू, दुपारी डबा घेऊन एकेका टेबलावर बसणारी. ही माणसं आज एका रांगेत उभी राहिली, कारण दोन वर्षं कोणीतरी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं. त्या कलेसमोर माझं भाषण म्हणजे नुसता आवाज.

निकाल पंधरवड्यात.

दादा


२२ मार्च

छोटे,

निकाल तुलाही मिळाला असेल, तरी माझ्या अक्षरात वाच. एका पदावर ठेवलेली जबाबदारी काढली. दोष चार जागी वाटला: डिझाइन, तपासणी, जोडणी, आणि तुझ्या वाट्याचाही एक, की दुसरा थर लागल्यावर तू स्वतः कठडा हलवून पाहिला नाहीस. तो वाटा तुला मान्य असेल, मी ओळखतो तुला. मला लेखी ताकीद मिळाली. मामांना काही नाही. उलट त्यांचं जुनं पत्र परत घेतलं. मामा हिरमुसले. म्हणाले, "पिशवी हलकी लागते रे."

प्रतिनिधीपदाच्या निवडणुकीत मी हरलो. वेल्डिंगवाल्या बाई निवडून आल्या. पहिल्या सभेत त्या सात मिनिटं बोलल्या आणि वीस मिनिटं विचारत होत्या. कुठे शिकल्या, ते मी विचारलं नाही.

नवा आराखडा आला. खाचेचं माप मोठं झालंय, आणि मापाशेजारी लिहिलंय: 'रंगानंतरचे'. खाली सह्यांच्या चौकोनांत जोडणी विभागाचा एक नवा चौकोन आहे. त्याखाली एक ओळ: 'प्रत्येक खाटेवर एकाने आडवे होऊन, दोघांनी कठडा हलवून पाहावा.' मामांची पद्धत छापून आली! ते कागद डोळ्यांजवळ नेऊन चारदा वाचत होते.

आज नव्या आराखड्याची पहिली खाट पूर्ण झाली. कठडा उचलला की माझा हात अजून कानशीकडे जातो. आता तिची गरज नाही. खाटेवर आडवा व्हायची पाळी माझी होती. मामा एका बाजूला, चष्मेवाला दुसऱ्या बाजूला. तो स्वतःहून खाली आला होता. दोघांनी मला असा हलवला की पोरं म्हणाली, "जरा हळू, माजी आहेत ते!" कठडा हलला नाही.

तिथून सरळ वर तुमची काचेची खोली दिसते. वीस वर्षांत मी कितीदा या जागी आडवा झालोय, आणि कधी वर पाहिलं नव्हतं. खोलीतून खालचं सगळं दिसत असणार. म्हणजे आम्ही रोज आडवे व्हायचो ते तू पाहत होतीस. म्हणूनच जिना उतरून विचारायला आली होतीस ना? आळशी म्हणून नोंद करणं सोपं होतं.

त्यांनी तुला परत बोलावलंय आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, असं कळलं. तुझ्या टेबलावर कोणी बसलेलं नाही. परत ये, असं म्हणायला मी दोन पानं लिहिली होती, चांगली झाली होती, फाडली. उत्तर देता येईल असं विचारावं, हे तुझ्याकडूनच शिकलो. म्हणून एवढंच विचारतो.

सोमवारी सकाळच्या पाळीत दुसरी खाट निघेल. आडवा मीच होणार आहे. कठड्याच्या एका बाजूला मामा आहेत. दुसऱ्या बाजूने हलवायला येशील?

दादा